बरणीतली बाई

भैयाजीले फोटोचं वेड लागलं ते उन्हाळ्याच्या तोंडावर, आन् त्याचा ताप झाला आमाले. भैयाजी म्हणजे आमचा मालक. माजरीच्या रस्त्याले त्याचा चिनी मातीच्या बरण्याचा कारखाना होता. कारखाना कसला, दोन भट्ट्या, एक टिनाचं शेड, एक कोळशाचा ढीग आन् दारावर भल्ली मोठी पाटी. पाटी पाहून वाटावं का आत अख्खं शहर वसलं हाये. आत मात्र भैयाजी, पांढरा सफारी आन् पांढरे बूट घालून. कोळशाच्या कारखान्यात पांढरे बूट! सकाळी आला का पयले बूट पुसे, मंग आमच्यावर ओरडे, मंग परत बूट पुसे. दिवसभर त्याले दुसरं काम नव्हतं.

मी कमला. मी ग्लेजच्या टाक्यावर होती, माह्या जोडीले रुखमा. कच्ची बरणी भट्टीत जायच्या पयले एका पातळ घोळात बुडवा लागते. तो घोळ भट्टीत भाजून काचेसारखा होते आन् बरणी चमकते. आतून पांढरा घोळ, बाहेरून तपकिरी. हे काम मले आवडे. सरळ सांगतो, लय आवडे. भट्टी उघडली का आपण बुडवलेली बरणी पाहून जिवाले बरं वाटे.

त्याच्या पयले मी कोळशाच्या ढिगावर होती. माही माय बी तिथंच होती. बसल्या जाग्यावर हातोडीनं ढेकळं फोडाची आन् भट्टीत जातीन एवढी बारीक कराची, हे तिचं काम. शेवटी शेवटी ती खोकली का पदरावर काळं पडे. ती त्या ढिगावर झिजू झिजू मेली. म्हणून टाक्यावर एक जागा रिकामी झाली तवा मी भांडून तिथी घुसली. टाकं सोडून परत ढिगावर जाणं म्हणजे मायच्या जाग्यावर जाऊन बसणं. ते मले कराचं नव्हतं.

आता त्या कारखान्याचा कायदा ऐका. नागपूर-रायपूरची पार्टी आली, म्हणजे माल घेणारा व्यापारी आला, का दारावरचा चौकीदार पोचू घंटी वाजवे. घंटी वाजली का आमी दोघीईनं टाकं सोडून कोळशाच्या ढिगामांगं जाऊन बसाचं. काऊन? तर बरणी लोणच्याची. लोकाईच्या घरी लोणच्याचे देवाहून जास्त लाड. त्याले कोणाचा बी हात लागू नाई, बाहेर बसलेल्या बाईची सावली पडू नाई, पडली तर नासते म्हणे. आन् आमी तर बौद्ध. आमचा हात बरणीले आतून-बाहेरून लागते हे पार्टीले समजलं तर पार्टी उलट्या पावली पळन, असं भैयाजीच्या डोक्यात बसलेलं. म्हणजे बरणी आमच्या हातची पाह्यजे, आमी नको. पार्टी येई, बरणीवर टिचकी मारे, वा वा करे. आमी ढिगामांगं माशा हाकलत बसू. वर्षानुवर्षं हेच चाललं, आन् आमाले बी त्याची सवय झाली. सवयीची मले आता लाज वाटते, पण तवा नाई वाटे.

त्या साली भैयाजीनं नागपुरात कोणाचा तरी कॅटलॉग पाह्यला. गुळगुळीत कागद, पानोपानी फोटो. झालं, याच्या बी अंगात आलं. टाक्याजवळ येऊन उपकार केल्यासारखं आमाले सांगू लागला का, फोटो चांगले निघाले तर पार्टी घरबसल्या ऑर्डर देईन, इथी येणारच नाई, आन् तुमाले बी ढिगामांगं जा नाई लागणार. आन् चांगले नाई निघाले तर? तर नागपूरचा मोठा लोणचेवाला स्वतः कारखाना पाह्याले येतो म्हणे, त्याच्या पयलेच टाक्यावर दुसऱ्या बाया बसवा लागतीन, चांगल्या घरच्या. तुमी मंग ढिगावर. हे सांगून त्यानं बूट पुसले आन् गेला.

म्हणजे माहं टाकं आता फोटोवर टांगलं होतं. आन् फोटो काढणार कोण, तर जहीर.

जहीर आमचा माल रवाना करणारा कारकून. बरण्या तणसात नीट बांधल्या का नाई हे पाह्याचं, ट्रकात चढवाच्या. घरचा चांगला, मनाचा बी वाईट नाई, पण एवढा भेदरट का भैयाजी शिंकला तरी हा माफी मागे. त्याच्या मेव्हण्यानं कुवेतवरून एक जपानी कॅमेरा आणून देल्ला होता. त्या कॅमेऱ्यानं त्यानं आजवर एका लग्नाचे फोटो काढले होते. त्यात नवरदेवाचं मुंडकं कापलं गेलं आन् मंडप तेवढा सगळा आला. पण नागपूरचा फोटोवाला महाग पडे, म्हणून भैयाजीनं याले धरलं. म्हणे, तुह्याजवळ कॅमेरा हाये, मंग तूच फोटोग्राफर. असं असतं तर घरात सुरी असलेला प्रत्येक माणूस डॉक्टर झाला असता.

पयल्या दिवशी जहीरनं भर दुपारी आंगणात बरण्या एका रांगेत उभ्या केल्या. लहान समोर, मोठ्या मांगं, शाळेच्या ग्रुप फोटोत पोरं करतात तशा. मंग कॅमेऱ्याले डोळा लावून म्हणे, हलू नका. कोणाले म्हणे? बरण्याईले. रुखमा हासू हासू बसली. मले हासू नाई आलं, माहं टाकं त्या येड्याच्या हातात होतं.

फोटो चांद्याच्या स्टुडिओतून धुऊन आले तवा भैयाजीचं तोंड पाह्यण्यासारखं झालं. तपकिरी बरण्या काळ्या ठिक्कर, कोळशाची ढेकळं मांडल्यासारख्या. वर उन्हाचा एक पांढरा ठिपका. पण त्याच्यावर भैयाजी एक शब्द नाई बोलला. त्याचा जीव अडकला दुसऱ्याच गोष्टीत. एका फोटोत बरणीच्या पायाशी एक सावली होती. रुखमा बादली घेऊन तिकडून गेली असन, तिची. झालं. बाईची सावली, आन् लोणच्याच्या बरणीवर! हा फोटो कोणाच्या घरी गेला तर? फोटोतल्या सावलीनं फोटोतलं लोणचं नासन, एवढी या माणसाची अक्कल. बरण्या काळ्या निघाल्या त्याचं दुःख नाई, सावली पडली त्याचं.

दुसऱ्या दिवशी त्यानं पोचूच्या हातानं आंगणात चुन्याची रेघ मारून घेतली. रेघेच्या आत बरण्या. बायाईनं रेघ ओलांडाची नाई. जहीरले बजावलं का फोटो कसा बी काढ, पण बाईची सावली दिसली तर तुही सुट्टी. जहीरनं मान हालवली. मान हालवाले त्याले कधी शिकवा लागलं नाई.

चांद्याच्या स्टुडिओवाल्यानं जहीरले एक उपाय सांगितला होता. बरणीच्या बाजूले एक मोठा पांढरा कपडा ताणून धराचा, ऊन त्याच्यावर पडून बरणीवर येते, मंग तिचा खरा रंग निघते. आता आमच्या कारखान्यात पांढरा कपडा कुठी? पोती काळी, फडकी काळी, माणसं काळी. पांढरा होता फक्त भैयाजीचा सफारी. जहीरनं भैयाजीजवळ घरची एक चादर मागितली तर तो अंगावर आला, म्हणे घरची चादर कारखान्यात, या लोकाईच्या हातात? मंग जहीर कपडा मागाले माह्याजवळ आला. चुन्याच्या रेघेजवळ उभा राहून, खालमानेनं. जणू रेघ त्याच्यासाठी बी होती. मले त्याची कीव बी आली आन् चीड बी.

माह्या घरी पेटीत मायचं पांढरं लुगडं होतं. छप्पन साली चांद्याले दीक्षा झाली तवा माय तेच नेसून गेली होती, मले कडेवर घेऊन. मले त्या दिवशीचं दुसरं काई आठवत नाई, गर्दी आठवते आन् त्या लुगड्याचा वास आठवते. माह्या लग्नात मी तेच नेसली. मंग ते पेटीतच राह्यलं, वंदनेच्या दिवशी तेवढं बाहेर निघे. भैयाजीच्या बरण्यासाठी ते आणाचं? जीव तयार होईना. दोन दिवस मी जहीरले नाई म्हणत राह्यली. मंग विचार केला, माय त्या ढिगावर मेली. तिचं लुगडं माह्यावरचा ढीग टाळत असन तर माय कायले रागावन.

पण एक अट घातली. लुगड्याले दुसऱ्या कोणाचा हात नाई लागणार. कोळसेवाल्या हातात मी ते देणार नाई, मी स्वतः धरन. जहीरचे डोळेच पांढरे झाले. पण भैयाजी त्या दिवशी वरोऱ्याले गेला होता, आन् फोटो तर पाह्यजे होते. रेघेच्या बाहेर, उन्हाकडं तोंड करून मी उभी राह्यली, दोन्ही हात वर, लुगडं पाठीमांगं ताणून. जहीर दहा वेळा वाकून माह्या मांगं-पुढं पाहे. म्हणे, सावली मांगं शेडकडं पडून राह्यली बाई, बरणीपाशी नाई, काई भेव नाई. सावलीचा असा पहारा त्यानं आयुष्यात दुसऱ्या कशावर केला नसन.

ऊन लुगड्यावर पडलं आन् बरणीवर गेलं. माह्या डोळ्यासमोर ती बरणी मधासारखी झाली. इतके वर्षं मी बरण्या बुडवल्या, पण आपली बरणी अशी दिसते हे मले मालूम नव्हतं. एकेक करून बरण्या येत गेल्या. माहे हात भरून आले, पण मी लुगडं खाली नाई होऊ देल्लं.

फोटो आले. कोणाले खोटं वाटन, पण चांगले आले. बरणीचं पोट कसं गोल, खांद्यावर चमक कशी, हात लावून पाहावं वाटे. भैयाजीनं लगेच सांगून टाकलं का ही सगळी आपली आयडिया. कॅटलॉग नागपुरात छापून आला. पयल्या पानावर भैयाजी स्वतः, बरणीच्या झाकणावर हात ठेवून, नातवाच्या डोक्यावर ठेवावा तसा. ज्यानं जन्मात एक बरणी उचलून इकडची तिकडं केली नाई तो! पण टाकं वाचलं होतं, म्हणून मी गप राह्यली.

मंग आंब्याच्या आधी, एका सकाळी, पोचूनं घंटी वाजवली. नागपूरचा लोणचेवाला आला होता, गाडी घेऊन, न सांगता. आमी दोघी ढिगामांगं पळालो. ढिगामांगून ऑफिसची खिडकी अगदी जवळ, तिथचं सगळं बोलणं ऐकू येते, वाकलं तर दिसते बी. लोणचेवाला म्हातारा माणूस, जाड चष्म्याचा. त्यानं टेबलावर कॅटलॉग ठेवला आन् खिशातून भिंग काढलं. तिखटमीठ बी भिंगाखाली पाहून घेणारा माणूस तो. मालाची तारीफ केली, चहा घेतला, मंग कॅटलॉगवर बोट ठेवून विचारलं, "भैयाजी, प्रत्येक बरणीत ही बाई कोण?"

भैयाजी हासला. म्हणे, बाई कुठली, बरणीत लोणचं असते. म्हाताऱ्यानं भिंग त्याच्या हातात देल्लं. भैयाजीनं पाह्यलं, आन् त्याचं हासणं तोंडावरच वाळलं.

मी होती. प्रत्येक बरणीच्या चकाकत्या पोटात, चिंचोक्याएवढी, पण नाक-डोळे ओळखू येतीन अशी. दोन्ही हात वर, पांढरं लुगडं पसरून. बरणीचं पोट आरशासारखं असते हे आमच्यात कोणाच्याच ध्यानात नाई आलं. सगळा कारखाना सावलीमांगं लागला होता, चमकेकडं कोणी पाह्यलं नाई. जहीर बी होता त्या बरणीत, पण तो तिथी बी कॅमेऱ्यामांगं तोंड लपवून.

भैयाजीले घाम फुटला. मी त्याले वाकून पाहून राह्यली होती. मांजराच्या तावडीतल्या उंदरासारखा इकडं तिकडं पाहे. आन् मंग तो बोलला, "घरची हाये. आमची मिसेस."

रुखमानं पदर तोंडात कोंबला, नाई तर तिचं हासू नागपूरपर्यंत गेलं असतं. आन् तिकडं म्हातारा खूश! म्हणे, मले वाटलंच. पांढरं वस्त्र हाती घेऊन, सोवळ्यानं उभी. आजकाल कोणत्या कारखान्यात घरची बाई सोवळ्यानं मालावर नजर ठेवते? असा माल डोळे मिटून घ्यावा. वहिनीसाहेबाईले नमस्कार करून जातो म्हणे. भैयाजीनं सांगितलं का ती माहेरी गेली. बोलण्या बोलण्यात बायको आणून, परत माहेरी धाडून, हा माणूस मोकळा. जहीर कोपऱ्यात उभा होता. त्याले सगळं मालूम होतं. त्यानं खालमानेनं चहाचे रिकामे कप गोळा केले.

आता गोष्ट साफ होती. मी गप बसली का ऑर्डर पक्की. ऑर्डर पक्की तर टाकं माहं. मले पाह्यजे होतं ते सगळं समोर मांडून ठेवलं होतं, फक्त बसून राह्याचं होतं, जशी इतके वर्षं बसली.

पण ते सोवळं माह्या डोक्यात गेलं. माह्या मायच्या लुगड्याले सोवळं! ज्या दिवशी ते सगळं झुगारून ती घरी आली, त्या दिवशीचं ते लुगडं. मी उठली. रुखमानं माहा पदर धरला, मी तो सोडवला, आन् कोळशाच्या पायानं ऑफिसच्या दारात जाऊन उभी राह्यली.

म्हाताऱ्यानं चष्मा वर केला, माह्याकडं पाह्यलं, कॅटलॉगकडं पाह्यलं. आन् खुर्चीतून उठून दोन्ही हात जोडले. वहिनी, म्हणे. भैयाजीच्या तोंडाचा रंग त्याच्या बुटासारखा झाला.

"मी यांच्या घरची नाई," म्हटलं. "यांच्या घराच्या पायरीवर मले पाय ठेवू देत नाई. मी कमला. तुमच्या बरण्या मी आन् रुखमा बुडवतो, आतून बी, बाहेरून बी. आन् ते सोवळं नाई. माही माय ते नेसून चांद्याले दीक्षा घ्याले गेली होती."

म्हाताऱ्याचे जोडलेले हात तसेच राह्यले. सोडावे का धरावे त्याले समजेना. मले त्याचा बी राग नाई आला, नुस्ती कीव आली.

"तुमच्या घरी वर्षानुवर्षं याच बरण्यातलं लोणचं खाऊन राह्यले," मी विचारलं. "नासलं का?"

म्हाताऱ्यानं हात खाली केले, भिंग खिशात टाकलं आन् माह्या बाजूनं, अंग चोरून, बाहेर गेला. कॅटलॉग मात्र घेऊन गेला.

भैयाजी मंग काय काय बोलला ते सांगण्यासारखं नाई. मले त्याच पावली टाक्यावरून काढलं. रुखमाले ठेवलं, कारण नवीन बाईले शिकवाले कोणी पाह्यजे होतं. नवीन बाई बी आमच्यातलीच आली, चांगल्या घरची कोणी टाक्यावर याले तयार नव्हती. मी ढिगावर गेली, मायच्या जाग्यावर. ज्या गोष्टीसाठी पेटीतलं लुगडं काढलं, तीच गोष्ट माह्याच तोंडानं गेली. पयल्या दिवशी मी हातोडी हातात घेऊन खूप रडली. कोळशाच्या हातानं तोंड पुसलं, कोणाले दिसलं नाई.

ऑर्डर आली. आंबा काई लोणचेवाल्यासाठी थांबणार नव्हता, आन् एवढ्या बरण्या त्याले दुसरीकडं भेटणार नव्हत्या. म्हणजे सोवळं बी हंगाम पाहून असते.

भैयाजीनं जहीरले काळी शाई देल्ली, का उरलेल्या कॅटलॉगमधून बरणीतली बाई खोडून काढ. जहीर दिवसभर बसला. संध्याकाळी तो ढिगावर आला, हातात एक खोडलेलं पान. मी पाह्यलं. मले शाईनं पुसलं तर बरणी मेल्यासारखी झाली होती, काळी, पयल्या दिवशीच्या फोटोसारखी.

"तुमाले काढलं का चमकच जाते, बाई," जहीर म्हणे. "ती चमक म्हणजे तुमचं लुगडंच होतं." मंग खालमानेनं म्हणाला का मी मालकाले बी हेच सांगून आलो. आयुष्यात पयल्यांदा त्यानं मालकाले काई सांगितलं असन. फार उशिरा सांगितलं, पण सांगितलं.

तर कॅटलॉग तसाच वाटला गेला. नवीन छापाले भैयाजीचा जीव जाये. कोणी विचारलं का बरणीत बाई कोण, तर तो अजून बी म्हणते, घरची हाये. दुसरं म्हणन काय?

पावसाळ्याच्या आधी रायपूरची पार्टी आली. पोचूनं घंटी वाजवली. रुखमा आन् नवीन बाई टाकं सोडून पळत आल्या आन् ढिगामांगं शिरल्या. रुखमा मले हाका मारे, ये ना वो, ये. मी नाई गेली. मी ढिगाच्या समोरच्या बाजूले बसली होती, तिथंच ढेकळं फोडत राह्यली.

पार्टी भैयाजीसंगं आंगणातून आली. हातात कॅटलॉग, पान उघडलेलं. माणूस माह्याजवळ येऊन थांबला. पानाकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, परत पानाकडं पाह्यलं. भैयाजी आपल्या बुटाकडं पाहून राह्यला होता. मी हातोडी खाली ठेवली, उभी राह्यली आन् त्या माणसाले जय भीम म्हटलं. मंग भैयाजीले बी म्हटलं.